चौघींचे विम्बल्डन

विम्बल्डनच्या महिला एकेरीच्या विजेत्यांची यादी वाचताना 1890 या सालापाशी नजर सहसा अडत नाही. वर लॉटी डॉड आणि ब्लांश हिलयार्ड, खाली पुन्हा लॉटी डॉड, आणि मधे एकदाच येऊन गेलेले नाव : लीना राइस. त्या काळाचा थोडाफार इतिहास ज्यांना ठाऊक आहे ते या नावाला लगेच एक शेपूट जोडतात. ‘त्या वर्षी चारच जणी खेळल्या होत्या ना?’ खेळल्या होत्या. इतका लहान ड्रॉ त्या स्पर्धेत त्याआधी कधी पडला नव्हता आणि नंतरही कधी पडला नाही. दोन सामने जिंकले की विजेतेपद. त्यातही गतविजेती किताब राखायला उतरलीच नाही.

टिपेरारी परगण्यातल्या या मुलीचे चरित्र लिहायला घेतले तेव्हा टेनिस जाणणाऱ्या मित्रांनी हाच मुद्दा पुढे केला. दोन उन्हाळ्यांची कारकीर्द, त्यात मोठे विजेतेपद एक, आणि तेही असे सवलतीच्या दरात पदरात पडलेले. त्यावर पुस्तक कशाला? प्रश्न रास्त आहे आणि या प्रस्तावनेत त्याला बगल देणार नाही. आधी एवढे नोंदवून ठेवतो की महिला एकेरीत विम्बल्डन जिंकणारी ती आयर्लंडची पहिली खेळाडू. दुसरी अजून व्हायची आहे.

हेलेना बर्था ग्रेस राइस हे तिचे पूर्ण नाव. जन्म 21 जून 1866, गाव न्यू इन. कॅशेल आणि कहर या दोन गावांच्या मधल्या रस्त्यावरचे हे खेडे. गावापासून थोड्या अंतरावर मार्लहिल नावाचे दुमजली जॉर्जियन घर, तिथे आठ भावंडे वाढली. लीना शेवटून दुसरी. वडील ती लहान असतानाच वारले. घर जमीनदार प्रोटेस्टंट वर्गातले, पण कर्ता पुरुष गेल्यावर अशा घरांची जी ओढाताण होते ती इथेही होती. घराच्या बागेत हिरवळ होती आणि बहीण ॲनी होती. टेनिस शिकायला त्या दिवसांत एवढे पुरत असे. पुढे दोघी कहरच्या लॉन टेनिस क्लबात खेळू लागल्या.

प्रशिक्षक नाही, अकादमी नाही, क्रमवारी नाही. लॉन टेनिस हा खेळच जेमतेम दीड दशकाचा होता. लीना सात-आठ वर्षांची असताना मेजर विंगफिल्डने नेट, रॅकेट आणि रबरी चेंडू असा संच पेटीत घालून विकायला काढला होता. म्हणजे ज्या खेळात ती अव्वल ठरली त्याचे वय तिच्याहून कमी. तिला शिकवायला कोणी जुनेजाणते नव्हते, कारण कोणी जुने नव्हतेच.

आता 1884 या वर्षाकडे येऊ. माझ्या मते लीनाची गोष्ट खरी तिथून सुरू होते, जरी त्या वर्षी अठरा वर्षांची ती मुलगी कहरच्या पलीकडे कुठे खेळलेली नव्हती. जुलैत विम्बल्डनने प्रथमच महिलांची एकेरी भरवली. तेरा जणी उतरल्या. अंतिम सामना दोन सख्ख्या बहिणींत झाला. मॉड वॉटसनने लिलियनला हरवले आणि चांदीची फुलांची परडी घरी नेली. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला टिपेरारीतल्याच थर्ल्स गावी, हेज यांच्या हॉटेलात, मोजकी माणसे जमली आणि त्यांनी गेलिक ॲथलेटिक असोसिएशनची स्थापना केली. मायकेल क्यूसॅक हा त्यांचा पुढारी. हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल हे देशी खेळ मरायला टेकले आहेत, ते पुन्हा उभे करायचे, इंग्रजी खेळांची मक्तेदारी मोडायची, हा हेतू. क्यूसॅकने आश्रयदाता होण्याची विनंती केली ती कॅशेलच्या आर्चबिशपना, थॉमस क्रोक यांना. डिसेंबरमध्ये त्यांनी होकाराचे जे पत्र पाठवले त्यात आयर्लंडने कवटाळलेल्या परक्या आणि नखरेल मैदानी खेळांची नावे घेतली आहेत. पोलो, क्रोके, क्रिकेट यांच्याही आधी पहिले नाव आहे लॉन टेनिसचे.

कॅशेल न्यू इनच्या अगदी जवळ. ज्या धर्मप्रांताच्या प्रमुखाने टेनिसला परकेपणाचा शिक्का मारला त्याच पंचक्रोशीत, मार्लहिलच्या हिरवळीवर, दोन बहिणी तो खेळ घोटून घोटून शिकत होत्या. हे पत्र त्यांच्या घरात वाचले गेले असेल का, यावर कल्पना लढवण्यात अर्थ नाही. पण गावात दोन आयर्लंड शेजारी शेजारी राहत होते हे नक्की. जमिनीच्या खंडावरून पेटलेला कुळांचा लढा नुकताच, 1882 च्या सुमारास, थंडावला होता. जमीनदारांच्या बागांत पांढरे कपडे घालून चाललेला खेळ कुळांच्या मुलांना कसा दिसत असेल, हे मराठी वाचकाला फोड करून सांगायला नको. जिमखान्याच्या लॉनवर कोण आणि कुंपणाबाहेर कोण, हे चित्र आपल्याही ओळखीचे आहे.

गंमत म्हणजे ज्या खेळाला आर्चबिशप परका म्हणत होते त्यात बायकांच्या बाबतीत आयर्लंड इंग्लंडच्या पुढे होते. डब्लिनच्या फिट्झविल्यम क्लबने 1879 मध्येच आयरिश अजिंक्यपद स्पर्धेत महिलांची एकेरी घेतली होती, विम्बल्डनच्या पाच वर्षे आधी. ती मे लँग्रिशने जिंकली, वय चौदा. 1880 च्या दशकात डब्लिनची ही स्पर्धा प्रतिष्ठेत विम्बल्डनच्या खांद्याला खांदा लावून उभी होती. इंग्लंडचे नामांकित खेळाडू मे महिन्यात आवर्जून समुद्र ओलांडून येत. लीनाला जगाने पाहिले ते इथे, मे 1889 मध्ये.

त्या स्पर्धेत उपांत्य फेरीत तिची गाठ ब्लांश हिलयार्डशी पडली. ही माहेरची बिंगली. 1886 ची विम्बल्डन विजेती. पुढे आणखी पाच वेळा जिंकली, शेवटचे विजेतेपद 1900 मध्ये, दोन मुलांची आई झाल्यावर. बेसलाइनवरून जबरदस्त फोरहँड मारणारी, बॅकहँडकडे आलेला चेंडूही धावत वळसा घालून फोरहँडवर घेणारी, हातात पांढरे चामडी मोजे घालून रॅकेट धरणारी बाई. कहरच्या बाहेर पहिलीच मोठी स्पर्धा खेळणारी लीना तिच्याशी 5-7, 5-7 अशी हरली. मिश्र दुहेरीत मात्र विलोबी हॅमिल्टनच्या साथीने ती जिंकली. हॅमिल्टन इतका किडकिडीत आणि फिकट की लोक त्याला ‘भूत’ म्हणत. हे भूत आयर्लंडकडून फुटबॉलही खेळले होते.

मग विम्बल्डन. जुलै 1889.

तेव्हाचे विम्बल्डन वॉर्पल रोडला होते, रेल्वेच्या रुळांना लागून; आजच्या चर्च रोडच्या मैदानावर स्पर्धा 1922 मध्ये गेली. पद्धतही वेगळी. गतविजेती पहिल्या फेरीपासून खेळत नसे. बाकीच्यांनी आपापसांत खेळायचे, त्यातली विजेती गतविजेतीला आव्हान देणार. त्या वर्षी गतविजेती लॉटी डॉड शिडाच्या होडीतून स्कॉटलंडच्या किनाऱ्याने फिरायला गेली होती आणि तिला परत यावेसे वाटले नाही. त्यामुळे आव्हानवीरांचा अंतिम सामना हाच किताबाचा सामना ठरला. एका बाजूला हिलयार्ड, दुसऱ्या बाजूला पुन्हा तीच टिपेरारीची मुलगी.

बायका घोट्यापर्यंतचे घागरे, आत ताठ कॉर्सेट, गळाबंद झगे आणि डोक्यावर गवती हॅट असा सरंजाम घालून खेळत. बहुतेक जणी सर्व्हिस खालून करत. चेंडू नेटजवळ पडला तर एका हाताने घागरा सावरत पुढे पळायचे आणि फटका मारून तसेच मागे यायचे. या अवतारात ज्या दोघी त्या दिवशी खेळल्या त्यांचा सामना तीन सेटचा झाला. पहिला सेट लीनाने 6-4 जिंकला. दुसऱ्यात ती 5-3 पुढे होती. या सेटमध्ये तिला तीन मॅच पॉइंट मिळाले. तीन वेळा एका फटक्याच्या अंतरावर विम्बल्डन उभे होते आणि तिन्ही वेळा हिलयार्ड वाचली. सेट 8-6 असा फिरला. तिसरा 6-4.

माझे सगळे म्हणणे या सामन्यावर उभे आहे. बागेत शिकलेली, मोठ्या स्पर्धांच्या जेमतेम दुसऱ्या महिन्यात असलेली तेवीस वर्षांची मुलगी त्या काळच्या सर्वांत चिवट स्पर्धक बाईला तिच्या घरच्या मैदानावर तीनदा पराभवाच्या कडेला नेते, हे सवलतीच्या दरात होत नाही. तिची ताकद किती होती हे जाणायचे तर 1890 चा विजय बाजूला ठेवावा आणि 1889 चा पराभव बघावा. विक्रमांच्या यादीत पराभूताचे नाव छापत नाहीत, म्हणून हा सामना कोणाच्या लक्षात नाही.

वर्षभराने डब्लिनला ती अंतिम फेरीत गेली आणि लुईसा मार्टिनकडून 7-9, 4-6 अशी हरली. मार्टिनबाईंचे नाव मुद्दाम घेतो, कारण ज्यांना लीनाचे मोठेपण फुगवून सांगायचे आहे ते या निकालावरून हलकेच पुढे सरकतात. मार्टिन लेट्रिमची. आयरिश अजिंक्यपद तिने नऊ वेळा जिंकले, 1889 मध्ये हिलयार्डला हरवून. तरी विम्बल्डन तिला कधीच मिळाले नाही. 1890 च्या उन्हाळ्यात आयर्लंडमधली सर्वांत चांगली खेळाडू कोण, असे त्या वेळच्या एखाद्या डब्लिनकराला विचारले असते तर त्याने बहुधा लीनाचे नाव घेतले नसते. मीही घेत नाही.

आणि मग तो चौघींचा ड्रॉ. डॉड नाही. हिलयार्ड गरोदर, त्यामुळे तीही नाही. मार्टिन आली नाही. उपांत्य सामन्यात लीनाने मेरी स्टीडमनला 7-5, 6-2 हरवले, अंतिम सामन्यात मे जॅक्सला 6-4, 6-1. शेवटचा गुण तिने डोक्यावरून खाली हाणलेल्या फटक्याने घेतला आणि बायकांच्या टेनिसमधला तो पहिला स्मॅश, असे तिच्याबद्दल लिहिणारे सांगतात. ‘पहिला’ या विशेषणावर मी पैज लावणार नाही; कोणत्या बागेत कोणी आधी मारला याची नोंद कोण ठेवणार? पण मॅच पॉइंटला, घागरा आणि कॉर्सेट घालून, चेंडू सुरक्षित परत टाकण्याऐवजी वरून हाणायचा हा निर्णय मला महत्त्वाचा वाटतो. वर्षभरापूर्वी तीन मॅच पॉइंट हातचे गेलेल्या खेळाडूने तो घेतला होता. हिलयार्डच्या अनुपस्थितीमुळे आव्हानाचा सामना झालाच नाही आणि किताब लीनाकडे आला. स्पर्धेला 1886 पासून फिरती ढाल म्हणून जी चांदीची थाळी आहे तिच्या आतल्या बाजूला तिचे नाव कोरले गेले.

ड्रॉ लहान का पडला याची कारणे तिच्याशी संबंधित नाहीत. महिलांच्या एकेरीला क्लबात अजून पाहुणीचाच दर्जा होता. प्रवास स्वतःच्या खर्चाने. न्यू इनहून विम्बल्डन म्हणजे कहरहून आगगाडी, डब्लिनजवळच्या किंग्जटाउन बंदरातून टपालाची बोट, समुद्र ओलांडून हॉलिहेड, तिथून पुन्हा आगगाडीने लंडन. सोबतीशिवाय एकट्या मुलीने हे करायचे नाही ही पद्धत. ज्या चौघी आल्या त्या आल्या, त्यातली एक इतक्या लांबून. न आलेल्यांचा हिशेब तिच्या खात्यात मांडणे मला पटत नाही. पुरुषांच्या याद्यांतही दुखापती, माघारी, युद्धे यांनी पोकळ झालेली वर्षे आहेत. तिथे आपण तळटीप लावायला इतके उत्सुक नसतो.

तो उन्हाळा एकंदर आयरिशांचाच होता. पुरुष एकेरीत हॅमिल्टनने विल्यम रेनशॉ या सम्राटाला पाच सेटमध्ये खाली खेचले. दुहेरी जिंकली जोशुआ पिम आणि फ्रँक स्टोकर या डब्लिनच्या जोडीने. स्टोकर ‘ड्रॅक्युला’ लिहिणाऱ्या ब्रॅम स्टोकरच्या नात्यातला. एका छोट्या देशाने एका उन्हाळ्यात विम्बल्डनचे तीन किताब नेले आणि त्या देशातल्या बहुसंख्यांना त्याचे काही वाटले नाही. सोयरसुतक असण्याचे कारणही नव्हते. जिंकलेले सगळे ‘त्यांच्यातले’ होते.

यानंतर लीना खेळलेली नाही. निदान कोणत्याही स्पर्धेत तिचे नाव सापडत नाही. आईच्या प्रकृतीचे आणि 1891 मधल्या आईच्याच मृत्यूचे कारण काही जण देतात. ते संभवनीय आहे आणि पुरेसेही आहे. त्या घरातल्या अविवाहित धाकट्या मुलीकडून काय अपेक्षित होते हे सांगायला पत्रे सापडायची गरज नाही. मात्र इथे चरित्रकाराला एक मोह होतो, आणि इतरांनी तो आवरलेला दिसत नाही : कुस्करलेली प्रतिभा, करपलेले स्वप्न वगैरे. मला त्याची खात्री वाटत नाही. ज्या खेळात पैसा नव्हता, क्रमवारी नव्हती, ‘करिअर’ ही कल्पनाच नव्हती, तिथे दोन वर्षे मनापासून खेळून, शिखर गाठून थांबणे ही त्या काळच्या बाईला पूर्ण झालेली गोष्टही वाटली असू शकते. आपण आजच्या वीस वर्षांच्या कारकिर्दींची फूटपट्टी घेऊन तिच्या दोन वर्षांना अपुरे ठरवतो.

थांबली नसती तर काय, याचे एक उत्तर शेजारच्या परगण्यात आहे. किल्केनीतल्या बॅलिरॅगेटची मेबल कॅहिल लीनाहून तीन वर्षांनी मोठी. ती अमेरिकेला गेली आणि 1891 मध्ये एलन रूझवेल्टला हरवून अमेरिकन अजिंक्यपद जिंकली. ते जिंकणारी ती पहिली परदेशी बाई. 1892 मध्ये एकेरी, दुहेरी, मिश्र दुहेरी असे तिन्ही किताब तिने एकाच वेळी घेतले. अंतिम सामने तेव्हा तिथे पाच सेटचे असत, बायकांचेही. तिने कादंबरी लिहिली, नियतकालिकांत लेख लिहिले, पुढे इंग्लंडला परतून रंगभूमीवर हातपाय मारले, आणि 1905 मध्ये लँकेशायरच्या ऑर्म्सकर्कला क्षयाने, कफल्लक अवस्थेत वारली. जगभर फिरलेल्या मेबलला आणि घरी बसलेल्या लीनाला शेवटी एकाच रोगाने गाठले. लीना 21 जून 1907 रोजी गेली. त्या दिवशी तिला एक्केचाळीस वर्षे पुरी झाली. न्यू इनलाच तिला पुरले.

तिच्या मृत्यूची बातमी कुठे फारशी झाली नाही. सहा-सात आठवड्यांनी, ऑगस्ट 1907 मध्ये, एका आयरिश टेनिसपटूचे नाव मात्र युरोपभरच्या वर्तमानपत्रांत झळकले. व्हीअर सेंट लेजर गूल्ड, 1879 च्या त्या पहिल्या डब्लिन स्पर्धेचा पुरुष विजेता आणि त्याच वर्षीचा विम्बल्डन उपविजेता, याला पत्नीसह मार्सेलमध्ये पकडले. माँटे कार्लोहून आणलेल्या त्यांच्या ट्रंकेत एका बाईचे प्रेत होते. तो पुढे डेव्हिल्स आयलंडच्या काळ्या पाण्यावर मेला. टेनिसच्या सुरस कथांच्या पुस्तकांत त्याला आजही पाने मिळतात, लीनाला दोन ओळी. जग कोणाला लक्षात ठेवते याबद्दल तक्रार करून उपयोग नसतो, पण ही तफावत नमूद करायलाच हवी.

तिला विसरण्याची सोय मात्र दोन्हीकडून झाली. इंग्लंडच्या लेखी ती डॉड आणि हिलयार्ड यांच्यामधली फट. स्वतंत्र आयर्लंडच्या लेखी चुकीच्या वर्गातली, चुकीच्या खेळातली. गेलिक संघटना वाढली, तिच्या मुख्य मैदानाला आर्चबिशप क्रोक यांचे नाव मिळाले, आणि सभासदांवर परक्या खेळांची बंदी आली ती थेट 1971 मध्ये उठली. या बंदीचा रोख रग्बी, सॉकर, हॉकी, क्रिकेटवर होता. क्रोकनी पहिल्या क्रमांकावर घातलेल्या टेनिसची पुढे कोणी तितकीही दखल घेतली नाही. शत्रू म्हणून वगळण्याइतका तो खेळ लोकांत उरलाच नव्हता, तो काही उपनगरी क्लबांत मिटून गेला. पावसाळी हवा, बंदिस्त कोर्टांची चणचण आणि गुणी मुलींचा अमेरिकी विद्यापीठांच्या शिष्यवृत्तीकडे ओढा, ही पुढची कारणे आज सर्रास दिली जातात, आणि ती खरीही आहेत. खालच्या पायरीवरचे व्यावसायिक टेनिस आयरिश खेळाडूला काय किमतीला पडते हे कॉनर नायलंडने 2024 च्या ‘द रॅकेट’ या आत्मकथनात सविस्तर लिहिले आहे. 2011 च्या विम्बल्डनला तो पहिल्याच फेरीत पाचव्या सेटमध्ये 4-1 पुढे असताना हरला. जिंकला असता तर पुढे फेडरर होता. ते प्रकरण वाचताना मला 1889 चा दुसरा सेट आठवत राहिला.

या पुस्तकाच्या रचनेबद्दल थोडे. जन्मापासून मृत्यूपर्यंत असा सरळ क्रम मी घेतलेला नाही, कारण मधली सोळा वर्षे जवळजवळ कोरी आहेत आणि ती कल्पनेने भरायची माझी तयारी नाही. पुस्तक 1889 आणि 1890 या दोन उन्हाळ्यांवरच रेंगाळते. सामन्यांचे वर्णन करताना गुणसंख्येच्या पलीकडे जे ठाऊक नाही ते लिहिलेले नाही. त्यामुळे काही सामने अगदी चार ओळींत आटोपतील. थर्ल्सच्या बैठकीला टेनिसच्या पुस्तकात इतकी पाने कशी, असे काहींना वाटेल. त्यांनी ते प्रकरण शेवटी वाचले तरी चालेल, पण वाचावे. लुईसा मार्टिनला मात्र एक अख्खे प्रकरण दिले आहे आणि ते लीनाच्या विजयाच्या लगेच आधी ठेवले आहे, म्हणजे वॉर्पल रोडवरचा तो चौघींचा ड्रॉ वाचताना न आलेली पाचवी कोण होती हे वाचकाला माहीत असेल.